बाळंतिणीचं पाणी: घंगाळ, निर्गुडी आणि सव्वा महिना

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे पाल्हाळ झालं ते थोडं छाटलंय, बाकी जसंच्या तसं.

हा विषय आला तो एका श्रोत्या ताईंच्या निरोपातून. सिडकोत राहतात. लेकीचं सिझेरियन झालंय, बाळ-बाळंतीण दोघंही माहेरी आलीत, आणि घरात तीन पक्ष पडलेत. व्याहीणबाई म्हणतात, बाजेखाली शेगडी हवीच, नाहीतर पुढं आयुष्यभर कंबर धरेल. डॉक्टर म्हणतात, बाळाच्या खोलीत धुराचं नाव काढायचं नाही. मालिशवाल्या मावशी म्हणतात, तुमचं चालू द्या, मी आपली निर्गुडीच्या पाण्यानं न्हाऊ घालते. ताईंनी विचारलंय, “यातलं खरंच जुनं काय, आणि मधेच कुणी घुसवलेलं काय?”

लेकीचं काय करायचं हे तिच्या डॉक्टरांनाच विचारा, ते माझं काम नाही. पण जुनं काय, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि मला तो फार आवडला. कारण नाशिकचा इतिहास म्हटला की आपण पांडवलेण्यांकडे बोट दाखवतो. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. एका आईनं कोरवून घेतलेला, पण त्यात सगळे पराक्रम लेकाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे. त्याला जन्म दिल्यावर तिला कुणी न्हाऊ घातलं, कशाच्या पाण्यानं, हे दगडावर कोण कोरणार? तो इतिहास न्हाणीघरात राहिला, आणि तोंडातोंडी पुढं आला.

म्हणून मी आधी न्हाणीघरातच गेले. पंचवटीत एक मावशी गेली कित्येक वर्षं बाळंतिणींची मालिश करतात. नाव सांगायचं नाही या अटीवर बोलल्या. त्यांची पद्धत अशी. तिळाचं तेल ओवा आणि लसूण टाकून कढवायचं, कोमट झालं की पायांपासून सुरुवात. पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ, मग खांदे आणि हात, डोकं सगळ्यात शेवटी. पोटावर हात हलका, आणि टाके असतील तर तिकडं बघायचंसुद्धा नाही. तेल अंगात मुरेपर्यंत थांबायचं, मग डाळीच्या पिठात हळद कालवून ते तेल काढायचं. तोवर दुसरीकडं पाणी उकळत असतं, त्यात निर्गुडीचे डहाळे, कडुनिंबाचा पाला, मिळाला तर एरंडाचं एखादं पान. पाट मांडायचा, बाळंतिणीला पाठमोरी बसवायचं आणि तांब्यानं कंबरेवर पाण्याची धार धरायची. ओतायचं नाही, धार धरायची. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

“धार एका जागी धरली की दुखणं सैल होतं. भसकन् ओतलं तर नुसती आंघोळ झाली,” मावशी म्हणाल्या.

ही धार लक्षात ठेवा, कारण ती आपल्याला थेट संस्कृत ग्रंथांत घेऊन जाते. औषधी काढा किंवा गरम पाणी अंगावर धारेनं सोडणं याला आयुर्वेदात शब्द आहे, परिषेक. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात प्रसूतीची सगळी व्यवस्था सांगितली आहे. त्यात बाळंतिणीला तिला सोसेल इतकं तूप किंवा तेल पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठीच्या चूर्णाबरोबर प्यायला द्यायचं. पोटाला तूप-तेल चोळून ते मोठ्या कापडानं गुंडाळायचं, म्हणजे रिकाम्या झालेल्या पोटात वाऱ्याला जागा मिळत नाही. आणि सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा, ऊन पाण्याचा परिषेक. पाच किंवा सात रात्री हे करून मग हळूहळू शरीर भरायला लागायचं.

सुश्रुत थोडा पुढं जातो. तो म्हणतो बला तेलानं अंग माखा आणि वातहर औषधांच्या काढ्यानं उपचार करा. बला म्हणजे आपल्याकडं रानात, बांधावर उगवणारा चिकणा. म्हणजे तेल आधी, औषधी पाणी नंतर, हा मावशींचा क्रम काही काल-परवाचा नाही. निर्गुडी ही तर वातावरची घरगुती वनस्पती म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि ओढ्याकाठी फुकट मिळते. ग्रंथातली दहा मुळं (बेल, टेंटू, शिवण, पाडळ, ऐरण, सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू) कुणी रोज उकळायची? ती गेली दशमूलारिष्टाच्या बाटलीत. न्हाणीत राहिला तो हाताशी असलेला पाला. माझ्या मते लोकांनी ग्रंथ विसरला वगैरे काही नाही. परवडेल तेवढा ठेवला.

चरकातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. बाळंतिणीला झालेला आजार बरा करणं अवघड का, हे तो सांगतो. गर्भ वाढवताना तिचे सगळे धातू झिजून सैल झालेले असतात, कळा देऊन आणि रक्त जाऊन शरीर रितं झालेलं असतं. ‘रितं’ हा मुद्दा आहे. सगळे उपचार त्यावरच रचलेत: ऊब द्या, बांधा, भरा. आजीच्या डिंकाच्या लाडवातसुद्धा तोच विचार असतो, फक्त ती संस्कृत बोलत नाही.

आता शेगडी. चरकाच्या सूतिकागारात अग्नी आहे, टेंभुर्णीच्या लाकडांचा, आणि तो सतत तेवत ठेवायचा आहे. पण त्याचं प्रकरण वेगळं. तो येतो रक्षाकर्मात, म्हणजे बाळ-बाळंतिणीला भूतबाधेपासून जपण्याच्या विधीत. त्याच ठिकाणी वेखंड, कोष्ठ, हिंग, मोहरी, जवस, लसूण यांची पुरचुंडी दाराच्या चौकटीला आणि दोघांच्या गळ्यात बांधायला सांगितली आहे. आपल्याकडं अजून बाळाच्या मनगटाला वेखंड बांधतात, ते कुठून आलं ते कळलं ना? थोडक्यात, ग्रंथातली आग खोलीत राखण करत बसलेली आहे, आणि अंगाला ऊब देण्याचं काम पाण्याकडं आणि तेलाकडं आहे. आपल्या घरांत ती आग बाजेखाली आली, तिच्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाची सालं पडायला लागली आणि तिची धुरी झाली. तेव्हा व्याहीणबाई आणि मावशी यांत जुनेपणाचा निकाल लावायचाच असेल, तर मी मावशींच्या बाजूनं लावेन. जुनं म्हणजे चांगलं असा त्याचा अर्थ नाही, तो मुद्दा वेगळा.

एक गंमत सांगते. मराठीत ‘न्हाणं’ हा शब्द किती ठिकाणी बसलाय बघा. मुलगी वयात आली की तिला ‘न्हाण आलं’. लग्नात हळदीनंतरचं न्हाणं. बाळंतिणीला ‘न्हाऊ-माखू’ घालायचं. बाईच्या आयुष्याच्या प्रत्येक वळणावर पाणी आहे. पण हे पाणी दोन कामं करतं आणि आपण ती एकमेकांत मिसळून टाकतो. एक काम औषधाचं, दुसरं शुद्धीचं. बाळंतिणीला दहा दिवस सोयर. तिला शिवायचं नाही, तिची खोली वेगळी, बहुतेकदा घरातली सगळ्यात अंधारी. तिला हात लावायचा तो फक्त सुईणीनं, आणि सुईण बहुधा अशा जातीतली की एरवी त्या घराच्या ओसरीवरसुद्धा तिला जागा नाही. म्हणजे ज्या बाईनं तुमच्या नातवाची नाळ कापली, सुनेच्या कंबरेवर दहा दिवस धार धरली, तिनं अकराव्या दिवशी अंगणात उभं राहून साडी-चोळी आणि धान्य घ्यायचं. परंपरेचं कौतुक करताना हा भाग गाळायचा नसतो.

सोवळ्याचं पाणी कुठल्या टोकाला जाऊ शकतं हे पाहायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. त्या आपल्या जलालपूरच्या, गोदाकाठच्या, जन्म १८६८ चा. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची वर्णनं वाचून हसू येतं, आणि मग त्या घरातल्या बायकांचं काय होत असेल या विचारानं ते जिरतं.

इंग्रजांनी हे सगळं टिपून ठेवलंय का? थोडंफार. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकचा खंड, सोळावा, १८८३ मध्ये निघाला. दोन वर्षांनी पुण्याचा निघाला. पुण्याच्या खंडात जातवार बाळंतपणाच्या चालीरीती आहेत: ऊन पाण्यानं आई-बाळाला न्हाऊ घालणं, बाज, पाचवीला सटवाईची पूजा. लिहिणारे पुरुष, सांगणारेही बहुतेक पुरुष, त्यामुळं बारसं सविस्तर आणि न्हाणीघर दोन ओळींत. नाशिकच्या खंडात मला जास्त कामाचं वाटतं ते इथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कसबाबद्दलचं. ते वाचून तांबट लेनमधून, भांडी बाजारातून एक चक्कर मारा. घंगाळं, बंब, तपेली. आज लोक घंगाळात फुलं तरंगवून ते दिवाणखान्यात ठेवतात. ते मुळात न्हाणीघरातलं भांडं, विसण करून ठेवायचं.

आणि हे पाणी फुकटचं नव्हतं, हे आपण विसरतो. नदीवरून किंवा आडावरून हंडे आणायचे, चूल पेटवायची, सरपण जाळायचं, तेसुद्धा रोज, सव्वा महिना. घरात एक बाई फक्त या कामाला हवी. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी. भावना आहेच त्यात, पण हिशेबही आहे. सासरी सुनेचे दोन हात कामातून गेले, वर तिच्यासाठी आणखी दोन हात कुठून आणणार? ज्यांच्या माहेरी सरपण नव्हतं त्यांचं काय झालं, ते मावशींच्या तोंडून ऐकूया, जरा पुढं.

आधी कडू भाग. या गरम पाण्यानं बायका वाचल्या का? खरं सांगायचं तर, ज्यानं त्या मरत होत्या त्यापासून नाही. बाळंतज्वर पाण्याच्या धारेनं जात नाही. तो सुईणीच्या न धुतलेल्या हातातून येत होता, नाळ कापायच्या विळ्यावरून नाही तर खोलीतल्या जुन्या चिंध्यांतून येत होता. आणि युरोपच्या नावानं बोटं मोडायला नको, तिथंही तेच. व्हिएन्नात सेमेलवाइसनं १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले तेव्हा मृत्यू झपाट्यानं उतरले, आणि तरीही डॉक्टर मंडळी त्याच्यावरच रागावली. तिथं तर हात प्रेतं चिरून आलेले असायचे.

आनंदीबाई जोशींचं नाव इथं घ्यायलाच हवं. चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत बाळ गेलं. त्या पुढं फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, आणि १८८६ मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. जगातलं काहीही निवडता आलं असतं. त्यांनी आपल्या घरातला प्रश्न निवडला, आयुर्वेदाचे ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकं शेजारीशेजारी ठेवून. ग्रंथ टाकूनही दिले नाहीत आणि त्यांना कुलूपही घातलं नाही. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्या गेल्या. तो मधला रस्ता त्यांच्याबरोबर बराचसा बुजला असं मला राहून राहून वाटतं.

कारण नंतर भांडण पेटलं. १८८५ मध्ये डफरिन फंड निघाला, १९०३ मध्ये दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल निधी आला. आणि १९२७ मध्ये कॅथरीन मेयोचं ‘मदर इंडिया’. तिनं हिंदुस्थानी सुईणीचं असं काही भयाण चित्र रंगवलं, आणि त्यावरून सुचवलं काय, तर असल्या लोकांना स्वराज्य कसलं द्यायचं! झालं. त्यानंतर अंधारी खोली, धूर, चिंध्या यांच्याबद्दल बोलणं म्हणजे मेयोची री ओढणं. काहींनी सगळ्याचंच समर्थन केलं, काहींनी सगळंच टाकून दिलं. निवडून घेणारे कमी. आकडे मात्र बोलत होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात दर हजार जन्मांमागे सुमारे २० मातांचे मृत्यू, म्हणजे लाखामागे दोन हजार. महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा लाखामागे ३३ आहे. हा फरक निर्गुडीनं पाडलेला नाही. स्वच्छ हात, रक्त चढवण्याची सोय, प्रतिजैविकं आणि वेळेवर मिळालेली गाडी यांनी पाडलाय.

मग न्हाण्यात काही राम आहे की नाही? थोडं बाहेर बघूया. चीनमध्ये बाळंतीण महिनाभर घरात ‘महिना बसते’. तिथलाही सिद्धांत तोच, शरीर रितं आहे, वारा-थंडी शिरेल. पण त्यांनी त्यातून काढलं काय, तर महिनाभर न्हायचंच नाही, केस तर भिजवायचेच नाहीत! एकच भीती, आणि उपाय एकदम उलटे. थायलंडमध्ये तिला आगीशेजारी निजवायची जुनी चाल, मलाय लोकांतही तशीच. उत्तर नायजेरियात हौसा बायकांना रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालतात, तापवलेल्या मातीच्या ओट्यावर निजवतात आणि कनवा नावाचा क्षार घातलेली पेज पाजतात. तिथल्या झारिया गावच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात पाहिलं की बाळंतपणानंतर हृदय निकामी होऊन येणाऱ्या बायका खूप आहेत, आणि त्यांना संशय आला तो या उष्णतेवर आणि क्षारावर. पुढच्या अभ्यासांत त्यावर वाद झाला. पण “गरम ते चांगलं, जितकं गरम तितकं चांगलं” असं म्हणणाऱ्यांनी झारिया ऐकून ठेवावं. आपल्याकडंही “चटका बसेल असं पाणी” हे कौतुकानं सांगितलं जातं. चरकात शब्द उष्ण आहे, उकळतं नाही.

या सगळ्यांत समान काय आहे म्हणाल, तर ते दिवस. सुश्रुत आणि वाग्भट दीड महिना सांगतात, तोवर ती सूतिका. आपण म्हणतो सव्वा महिना. आजचं वैद्यकशास्त्र सूतिकाकाळ धरतं ४२ दिवसांचा, मातामृत्यूची व्याख्यासुद्धा त्या ४२ दिवसांपर्यंत जाते. इतकी वेगवेगळी माणसं इतक्या जवळच्या आकड्यावर आली, हे मला कुठल्याही पाल्यापेक्षा मोठं वाटतं.

आणि हे दिवस कायद्यात आणायलाही झगडावं लागलं. मुंबईच्या विधिमंडळात १९२८ मध्ये कामगार बायकांच्या प्रसूतिलाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा काही भार मालकानंही उचलायला हवा, असा त्यांचा रोख होता. कायदा १९२९ मध्ये झाला, हिंदुस्थानातला असा पहिला. पुढं १९६१ च्या कायद्यानं प्रसूतीनंतरचे सहा आठवडे बाईला कामाला लावायला बंदीच केली, आणि २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांची झाली. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. घंगाळातला सव्वा महिना राजपत्रात आला म्हणा ना. पण कुणासाठी? हजेरीपटावर नाव असलेल्यांसाठी.

मावशी मूळच्या दिंडोरीकडच्या. मी विचारलं, तुम्हाला कुणी न्हाऊ घातलं?

“पहिल्या वेळंला आईनं घातलं की. पाच दिवस. मंग तिलाबी मजुरीला जायचं व्हतं. दुसऱ्या वेळंला बाराव्या दिवशी मी कांद्याच्या खळ्यावर. पोरगी गोणपाटावर, सावलीत. पाणी उन्हात तापायचं तेच काय ते ऊन पाणी.” मग हसल्या. “आता लोकाच्या पोरींना चाळीस-चाळीस दिवस घालते. हात माझेच हायेत ना, तर कंबर माझीच दुखते.”

द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या मजूर जोडप्यांत आजही हेच चित्र दिसतं. मळ्याच्या कडेला पाल, तीन दगडांची चूल, आणि त्यावर आधी भाकरी की आधी पाणी, हा प्रश्न. त्यांच्याकडं पाल्याची कमी नाही. आपल्यापेक्षा दहा झाडं जास्त ओळखतात. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायकांकडून झाडांबद्दल ऐकलेलं ‘गोईण’मध्ये मांडलंय, त्यावरून अंदाज येतो की ही माहिती किती खोल असते. कमी पडतात ते दिवस.

शहरात उलटं. दिवस आहेत, पॅकेज आहे, गिझर आहे, पाला भद्रकालीतून आणावा लागतो. मावशी सांगतात, हल्ली टाके असलेल्या मुली जास्त, म्हणून पाटाऐवजी स्टूल, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत जखमेवर पाणी नाही. पाल्याचं पाणी त्या आता गाळून घेतात. धुरी त्यांनी स्वतःहूनच सोडली. बंद फ्लॅटमध्ये निखाऱ्यांची शेगडी म्हणजे नुसता धूर नाही, कार्बन मोनॉक्साइडही आहे, त्याला वास नसतो. जुन्या कौलारू घरात तो निदान फटींतून निघून जायचा, स्लायडिंगच्या खिडक्यांतून कुठं जाणार? आणि बाळाला जन्मल्या जन्मल्या न्हाऊ घालायची घाई आता त्याही करत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना किमान २४ तास थांबा म्हणते, मावशी म्हणतात, “अंगावरचं लोणी आपसूक मुरू द्यावं.” दोघींचं एकमत ऐकून मला बरं वाटलं.

पाण्याच्या गरमपणाचं त्यांचं माप विचारलं. कोपर बुडवायचं म्हणाल्या. हाताचा पंजा नाही, तो निबर झालेला असतो, त्याला कळत नाही.

तर आता तुमच्याकडून एक काम हवंय. तुमच्या गावाकडं बाळंतिणीच्या पाण्यात कुठला पाला घालत, त्याचं तिथलं नाव काय, आणि तो कोण आणून देत असे, हे आम्हाला सांगा. शक्य असेल तर आजीच्याच आवाजात पाठवा. झाडाचं नाव चुकलं तरी चालेल, पानाचा फोटो जोडा. आणि न्हाऊ घालणाऱ्या बाईचं नाव घरात कुणाला आठवत असेल, तर तेही लिहा.